दोन मीटर डीएनए केंद्रकात मावतो कसा, आणि मावल्यावर वाचला कसा जातो?

पेशीवेल्हाळ (धागालेखिका, दादर)

माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएत सुमारे ६४० कोटी बेसजोड्या, म्हणजे जिन्यासारख्या त्या धाग्याच्या पायऱ्या, असतात. शेजारच्या दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की दोन मीटरच्या थोडं वर उत्तर येतं. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात ६६० कोटी धरून २.२ मीटर दिलं आहे. हे सगळं ज्या केंद्रकात राहतं त्याचा व्यास असतो सहा ते दहा मायक्रोमीटर. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलं हा आकडा पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मला मात्र वाटतं की खरा विषय त्या आकड्यानंतर सुरू होतो.

आधी जागेचा हिशेब करू, कारण इथेच बहुतेकांचा समज उलटा असतो. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर. एवढ्या बारीक, दोन मीटर लांब धाग्याचं आकारमान भरतं सहा-सात घन मायक्रोमीटर. सहा मायक्रोमीटर व्यासाच्या लहानशा केंद्रकाचं आकारमान ११३ घन मायक्रोमीटर. म्हणजे डीएनए त्यातली सहा टक्क्यांच्या आसपास जागा घेतो. बस्स, इतकीच!

हेच दहा लाख पटींनी मोठं करून पाहा. सहा मीटर व्यासाची एक गोल खोली आणि तीत दोन मिलिमीटर जाडीची सुतळी, लांबी मुंबई-हावडा रेल्वेमार्गापेक्षाही जास्त. सुतळी मावेल, वर बरीच जागा उरेल. पण ती ४६ तुकड्यांत (पेशीतली ४६ गुणसूत्रं) आहे आणि ते तुकडे एकमेकांत अडकून चालणार नाही. कुठल्याही क्षणी हजारो ठरावीक ठिकाणी ती उघडून वाचता आली पाहिजे. पेशी विभागायची वेळ आली की काही तासांत तिची अख्खी दुसरी प्रत तयार व्हायला हवी, आणि दोन्ही प्रती न तुटता वेगळ्या व्हायला हव्यात. पेशीपुढचा प्रश्न हा आहे. नुसतं कोंबून बसवणं त्या मानाने सोपं काम.

त्यात भर विद्युतभाराची. डीएनएच्या कण्यातल्या प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार असतो, म्हणजे एका पेशीत हजार कोटींहून जास्त ऋणभार एकमेकांना दूर ढकलत असतात. हा धागा आपणहून दुमडणार नाही. इथे हिस्टोन प्रथिनं कामाला येतात. लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनी ती भरलेली असतात, त्यामुळे त्यांच्यावर धनभार असतो. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठांचा गठ्ठा होतो आणि त्याभोवती १४७ बेसजोड्या डावखुऱ्या वळणाने पावणेदोनपेक्षा जरा कमी वेढे घेतात. हा न्यूक्लिओसोम. एका केंद्रकात असे सुमारे तीन कोटी. हिस्टोनांनी भार पूर्ण फेडला जात नाही, साधारण निम्माच. उरलेल्याची सोय मॅग्नेशियमचे आयन आणि इतर प्रथिनं करतात.

हिस्टोन आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये हंसिणीच्या तांबड्या रक्तपेशींतून वेगळे काढले. पण ते डीएनएसोबत नेमकं काय करतात हे कळायला १९७४ साल उजाडलं. त्या वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठांच्या गठ्ठ्याचं प्रारूप मांडलं, आणि त्याच सुमारास ओलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून धाग्यावर ओवलेल्या मण्यांसारखी रचना दाखवली. १९९७ मध्ये कॅरोलिन लुगर आणि टिमथी रिचमंड यांच्या गटाने तिची अणूंच्या पातळीवरची बारीक रचना प्रसिद्ध केली.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे एच४. यात १०२ अमिनो आम्लं आहेत. वाटाण्यातला एच४ आणि गाईतला एच४ शेजारी ठेवले तर फरक फक्त दोन जागी दिसतो. वनस्पती आणि प्राणी वेगळे होऊन शंभर कोटींहून जास्त वर्षं लोटली. इतक्या काळात जवळपास काहीच बदललं नाही, कारण यातलं एखादं अक्षरही सहसा बदलून चालत नाही.

या विषयाशी कामाचा संबंध असलेले लोक इथे आहेत हे माहीत आहे. त्यांनी सविस्तर लिहावं. विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने विचारावं.

शार्दूल_डोंबिवली

मॅम, माझी नीटची तयारी चालू आहे. एनसीईआरटीत लिहिलंय की एका न्यूक्लिओसोममध्ये डीएनएच्या २०० बेसजोड्या असतात. तुम्ही १४७ लिहिलंय. क्लासच्या नोट्समध्ये १४६ आहे. नक्की काय धरायचं?

क्षितिज_प

शार्दूल, तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणून तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी क्रोमॅटिनवरच (डीएनए आणि हिस्टोन मिळून होणारा धागा) पीएचडी करतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

१९७३ मध्ये ह्यूइश आणि बर्गोयन या दोन शास्त्रज्ञांनी उंदराच्या यकृतातली केंद्रकं घेतली आणि पेशीतल्याच डीएनए कापणाऱ्या विकराला काम करू दिलं. कापणं कसंही झालं असतं तर लहानमोठ्या तुकड्यांचा सलग पट्टा दिसला असता. जेलवर मात्र शिडी उमटली. साधारण २००, ४००, ६०० अशा पायऱ्या. म्हणजे विकराला डीएनए ठरावीक अंतरावरच उघडा सापडत होता. मधला भाग कशाने तरी झाकलेला होता.

त्या २०० मध्ये दोन भाग आहेत. हिस्टोनांना घट्ट गुंडाळलेला भाग आणि पुढच्या न्यूक्लिओसोमपर्यंत जाणारा जोडधागा. विकराला जास्त वेळ दिला की तो जोडधागा कुरतडून संपवतो आणि गुंडाळलेला तेवढा शिल्लक राहतो. तो १४६ किंवा १४७. सुरुवातीच्या स्फटिकांत १४६ लांबीचा डीएनए वापरला होता म्हणून जुन्या पुस्तकांत तो आकडा आहे. जोडधागा किती लांब, हे जीवागणिक आणि पेशीगणिक बदलतं, त्यामुळे २०० ही सरासरी समज.

नीटच्या पेपरात पुस्तकातलं वाक्य विचारलं तर २०० लिही. गाभ्याभोवती किती गुंडाळलेला असतो असं विचारलं तर १४७ च्या जवळचा पर्याय. आणि एच१ हा पाचवा हिस्टोन त्या आठांत मोजू नकोस. तो बाहेरून, डीएनए आत शिरतो आणि बाहेर पडतो त्या जागी बसतो. हा प्रश्न हमखास चुकतो.

लॅबवाली

धागा पाहून राहवलं नाही. मी परळच्या एका सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. पेशीवेल्हाळ ताईंनी लिहिलंय ते सगळं आमच्या टेबलावर रोज दिसतं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. तुम्ही धाग्यापासून सुरुवात केलीत, आम्ही पूर्ण घडी घातलेल्या गुणसूत्रापासून करतो.

कॅरिओटाइपसाठी, म्हणजे सगळी गुणसूत्रं मोजून-मांडून पाहायला, रक्त हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये येतं. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी विभागत नाहीत, त्यांना फायटोहिमॅग्लुटिनिन घालून विभागायला लावायचं आणि तीन दिवस ३७ अंशांवर वाढवायचं. मग कोल्सेमिड घालायचं. त्याने गुणसूत्रांना ओढणारे दोर तयारच होत नाहीत आणि पेशी बरोबर मध्यावस्थेत अडकते. तेव्हा घडी सगळ्यात घट्ट असते. नंतर पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण. पेशी पाणी पिऊन फुगते, आत दाटीने बसलेली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात. मग मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिड तीनास एक, आणि वरून स्लाइडवर थेंब.

हा थेंब टाकणं म्हणजे हाताचं कसब. मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की स्लाइड हळू वाळते आणि गुणसूत्रं जास्त पसरतात. कधी कधी एका पेशीतली शेजारच्या पेशीत मिसळलीत की काय अशी शंका येण्याइतकी. उलट एसीच्या कोरड्या हवेत ती पुरेशी सुटतच नाहीत. म्हणून खोलीतली आर्द्रता सांभाळावीच लागते.

पेशी फुगवण्याची ही पायरी साधी वाटते, पण तिच्याशिवाय माणसाच्या गुणसूत्रांची संख्यासुद्धा नीट मोजता येत नव्हती. १९२० च्या दशकापासून ४८ हाच आकडा मानला जात होता. पेशी फुगवण्याचं तंत्र हाती आल्यावर १९५६ मध्ये जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ४६ दाखवली. तीनच वर्षांनी लेजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असतं हे सांगितलं.

बँडिंगबद्दल एक सांगते, कारण रिपोर्ट घेऊन येणारे नेहमी विचारतात. स्लाइडवर थोडं ट्रिप्सिन हे विकर आणि मग गिम्सा हा रंग लावला की गडद-फिकट पट्टे येतात. गडद पट्ट्यांत जनुकं विरळ, फिकट पट्ट्यांत दाट. नेहमीच्या रिपोर्टला ४०० ते ५५० बँड मिळतात, म्हणजे एका बँडमध्ये ५० लाख ते एक कोटी बेसजोड्या आल्या. एवढ्या खालचं काही हरवलं असेल तर आम्हाला ते सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही. त्यासाठी फिश किंवा मायक्रोॲरे या डीएनएच्या अधिक बारीक तपासण्या कराव्या लागतात. "कॅरिओटाइप नॉर्मल आला म्हणजे सगळं नॉर्मल" असं समजून खूप घरं निश्चिंत होतात. डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली असेल तर ती टाळू नका.

रानवाटा_बोरिवली

लॅबवाली ताई, कोल्सेमिड हे कोल्चिसीनचंच भावंड ना? मग त्याची एक नातेवाईक आपल्याकडे रानात उगवते. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानात आणि येऊरच्या बाजूला कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची, पानांच्या टोकांनी वेटोळं घालत वर चढणारी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका (गुणसूत्रांना ओढणारे दोर यांचेच) जुळू देत नाही, म्हणून विषबाधेत आतडं आणि अस्थिमज्जा यांच्यासारख्या सतत विभागणाऱ्या ऊतींना जबर फटका बसतो.

फोटो काढा, पण कंद उपटू नका. कुठल्याही घरगुती औषधासाठी तर मुळीच वापरू नका. जीव जातो.

लॅबवाली

हो, कोल्सेमिड त्याचंच कमी विषारी रूप. आणि इशारा अगदी योग्य दिलात.

प्रा_विनायक

मी बरीच वर्षं पदवीला शिकवलं आहे. धागा उत्तम आहे, पण मूळ लेखात एक गोष्ट गाळल्यासारखी वाटली. न्यूक्लिओसोमची माळ वळून ३० नॅनोमीटरचा जाड तंतू होतो, एका वेढ्यात सहा न्यूक्लिओसोम. फिंच आणि क्लूग यांनी १९७६ मध्ये हे मांडलं, क्लूग यांना पुढे नोबेलही मिळालं. पॅकेजिंगची पायरीपायरीने जाणारी आकृती याशिवाय पुरी कशी होईल?

पेशीवेल्हाळ

सर, ते मी विचार करूनच वगळलं. फिंच आणि क्लूग यांनी पाहिलेला तंतू खरा आहे, त्यांच्या निरीक्षणात खोट नाही. पण तो पेशीबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनमध्ये, क्षारांच्या विशिष्ट प्रमाणात दिसलेला आहे. जिवंत पेशीत तो तसाच असतो का, हा निराळा प्रश्न.

क्षितिज_प

इथे मी पेशीवेल्हाळ ताईंच्या बाजूने आहे, सर. २००८ मध्ये माणसाच्या विभागणाऱ्या पेशी झटकन गोठवून, कुठलंही रसायन न लावता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या गेल्या. त्यात ३० नॅनोमीटरचे नियमित तंतू सापडले नाहीत. मग २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेतल्या गटाने डीएनएला चिकटणारा रंग आणि इलेक्ट्रॉन टोमोग्राफी एकत्र वापरून केंद्रक त्रिमितीत पाहिलं. त्यांना ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या, लवचिक साखळ्या दिसल्या. विभाजनाच्या वेळी आणि एरवीही साखळी तीच होती, फरक होता तो दाटीत.

सरांच्या मुद्द्यात तथ्य आहेच. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी आणि तारामाशाचे शुक्राणू यांत ३० नॅनोमीटरचा तंतू खरोखर दिसतो. पण त्या पेशींतलं जनुकांचं काम जवळपास थांबलेलं असतं. कामात असलेल्या पेशीत ही पायरी आहे असं ठामपणे सांगता येत नाही.

प्रा_विनायक

हे पटण्यासारखं आहे. तरी परीक्षेत आकृती विचारली तर मुलांनी सोलेनॉइड (तो ३० नॅनोमीटरचा वेटोळा तंतू) काढावाच, गुण त्यालाच मिळतात. शिक्षकाने मात्र फळ्यावर काढताना तो कशात दिसतो आणि कशात दिसत नाही हे बोलून दाखवावं. मग गुणसूत्र घडतं कसं, हे क्षितिजने सांगावं. पायऱ्या नाहीत तर काय आहे?

क्षितिज_प

वेटोळी नाहीत, सर. वळसे आहेत.

१९७७ मध्ये पॉलसन आणि लेमली यांनी मध्यावस्थेतल्या गुणसूत्रातले हिस्टोन काढून टाकले. तेव्हा मधे गुणसूत्राच्याच आकाराचा एक सांगाडा उरला आणि त्यातून चहूबाजूंनी डीएनएचे लांबच लांब फास बाहेर आलेले दिसले. हे फास घालतं कोण, याचं उत्तर मिळायला पुढची चाळीस वर्षं गेली. कोंडेन्सिन आणि कोहेसिन नावाची कडीसारखी प्रथिनसंकुलं डीएनएला पकडतात आणि एटीपी हे पेशीचं इंधन जाळत त्याला ओढून वळसा मोठा करत नेतात. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या सेस डेकर यांच्या प्रयोगशाळेत कोंडेन्सिनचा एकच रेणू हे करताना प्रत्यक्ष चित्रित झाला. वेग सेकंदाला हजार-दीड हजार बेसजोड्यांपर्यंत. पुढच्या वर्षी कोहेसिनही तसंच करताना दिसलं.

विभाजनाच्या वेळी दोन प्रकारचे कोंडेन्सिन काम वाटून घेतात. एक काही लाख बेसजोड्यांचे मोठे वळसे घालतो, दुसरा त्यांच्या आत लहान लहान. पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र सरळ ताणलं तर साडेआठ सेंटिमीटर भरेल. लॅबवाली ताईंच्या स्लाइडवर ते दहा मायक्रोमीटरच्या आसपास दिसतं. आठ हजार पटींहून जास्त आखडणं झालं, आणि तेही गाठ न बसता.

वरुण_मुलुंड

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. हे वाचून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत अक्षरं तीच. मग यकृताच्या पेशीला कसं कळतं की कुठला भाग वाचायचा? आणि घट्ट गुंडाळलेला भाग वाचायचा झाला तर तो सोडवतं कोण?

पेशीवेल्हाळ

वरुण, मी धागा काढला तो याच प्रश्नासाठी. डीएनए कुठे घट्ट आणि कुठे सैल ठेवायचा, यातच ठरतं की पेशी काय वाचेल. घडी आणि वाचन ही दोन वेगळी खाती नाहीत. मुलांना आधी घडी शिकवली जाते आणि जनुकांचं नियंत्रण पुढे कधीतरी, वेगळा धडा म्हणून. दोन्हींतला दुवा त्यांच्या हाती लागतच नाही, याची मला फार खंत वाटते.

हिस्टोनांना शेपट्या असतात, गठ्ठ्याबाहेर लोंबणाऱ्या. तिथल्या लायसिनवर ॲसेटिल गट बसला की त्याचा धनभार जातो आणि डीएनएवरची पकड सैल होते. १९६४ मध्येच व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी सुचवलं होतं की याचा जनुकांच्या वाचनाशी संबंध असावा. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला केंद्रकातलं ॲसेटिल बसवणारं विकर सापडलं, आणि ते निघालं जनुकं चालू करणाऱ्या एका आधीपासून माहीत असलेल्या प्रथिनाचंच भावंड. तेव्हापासून शंकेला जागा उरली नाही. ॲसेटिल काढणारी विकरंही असतात. त्यांना अडवणारं व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ पासून त्वचेच्या एका लिम्फोमासाठी अमेरिकेत मंजूर आहे. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातही कर्करोगात हिस्टोनांचं काय बिघडतं यावर संशोधन चालतं.

याखेरीज एटीपी वापरून न्यूक्लिओसोम सरकवणारी किंवा उचलून टाकणारी यंत्रं आहेत. शिवाय न्यूक्लिओसोम मुळातच थोडा श्वास घेतो, म्हणजे गुंडाळलेल्या डीएनएची टोकं क्षणभर सुटतात आणि परत बसतात. शोधणाऱ्या प्रथिनाला तेवढी फट पुरते.

क्षितिज_प

वरुणसाठी एक ठोस उदाहरण देतो. हातापायाची बोटं घडताना सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक चालू व्हावं लागतं. ते चालू करणारा डीएनएचा तुकडा त्या जनुकाजवळ नाही. तो सुमारे दहा लाख बेसजोड्या दूर, भलत्याच जनुकाच्या पोटात आहे. सरळ ताणून धरलं तर दोघांमधलं अंतर एक तृतीयांश मिलिमीटर होईल, म्हणजे केंद्रकाच्या तीसेक पट. वळशामुळे ते दोघे जवळ येतात. त्या तुकड्यात एखादं अक्षर बदललं तर काही घराण्यांत अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येतं. सहा बोटांची इतरही कारणं आहेत, प्रत्येक वेळी हेच असतं असं नाही.

वळसे कुठवर जाणार याच्याही हद्दी आहेत. सीटीसीएफ नावाचं प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि कोहेसिन तिथे येऊन अडतं. त्यामुळे गुणसूत्राचे शेजार तयार होतात. एका शेजारातले तुकडे आपापसात भेटतात, पलीकडच्यांशी क्वचित. २००९ मध्ये डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ असतात हे मोजणारं हाय-सी तंत्र आलं आणि २०१२ मध्ये हे शेजार नकाशावर दिसले. बर्लिनच्या एका गटाने २०१५ मध्ये दाखवलं की हद्दीचा तुकडाच हरवला तर पलीकडच्या जनुकाला चुकीचा आदेश जातो आणि बोटं वेडीवाकडी घडतात. त्यात जनुक स्वतः धडधाकट असतं.

गुणसूत्रांच्या जागाही ठरलेल्या असतात. अठराव्यात जनुकं विरळ, ते केंद्रकाच्या कडेला राहतं. एकोणिसाव्यात दाट, ते मध्याकडे.

मेधा_ठाणे

घट्ट घडी घालून बंद केलेल्या डीएनएचं डोळ्यांना दिसणारं उदाहरण द्यायचं तर कुठल्याही मासळी बाजारातली तिरंगी मांजर बघा. काळं आणि केशरी ही रूपं एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाची. मादीत दोन एक्स असतात आणि गर्भावस्थेत प्रत्येक पेशी त्यातलं एक गुंडाळून बंद करते. कुठलं, ते नशिबावर. त्या पेशीची सगळी पिल्लावळ तोच निर्णय पाळते. म्हणून एका भागात काळे ठिपके, दुसऱ्या भागात केशरी, आणि म्हणून अशी मांजर जवळपास नेहमी मादीच. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे उंदरांवरून मांडलं. पांढरा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा.

स्नेहल_व

मी वाचनमात्र असते. सध्या चौथा महिना आहे आणि डॉक्टरांनी एनआयपीटी सांगितली. नुसत्या आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं कशी कळतात? पेशी तर येत नाहीत ना?

लॅबवाली

स्नेहल, पेशी नाही, डीएनएचे तुकडे येतात. प्लाझ्मात मरून गेलेल्या पेशींचा डीएनए तरंगत असतो. त्यातला काही हिस्सा वारेच्या पेशींचा, हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं. आणि बघ, वर शार्दूलने विचारलेला प्रश्न इथे परत येतो. हे तुकडे बहुतांश १६६-१६७ बेसजोड्यांचे असतात. का? तर मरणाऱ्या पेशीतली विकरं जोडधागा कापतात आणि न्यूक्लिओसोमवर गुंडाळलेला भाग, एच१ धरून ठेवतो तेवढ्या थोड्या शेपटासकट, वाचतो. वारेकडून आलेले तुकडे सरासरीने आणखी आखूड असतात.

असे लाखो तुकडे वाचून कुठल्या गुणसूत्राचे किती ते मोजतात. एकविसाव्याचे अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर शंका येते. ही चाळणी आहे, निदान नव्हे. जास्त धोका आला तर गर्भजलाची तपासणी करूनच पक्कं ठरवायचं. आणि कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, रिपोर्टमध्ये ते नसतं, कोणाला विचारूही नये. काळजी घे. काही शंका आली तर डॉक्टरांसोबत जेनेटिक काउन्सेलरचीही वेळ मागून घे.

स्नेहल_व

खूप आभार ताई. भीती कमी झाली.

अनुराधा_पार्ले

गाठी बसत नाहीत असं वर क्षितिजने लिहिलंय. इतके वळसे पडतात, प्रती होतात, तरी गुंता कसा होत नाही? माझ्या वडिलांना एटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध चालू होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की हे औषध डीएनएचा गुंता सोडवणाऱ्या विकरावर चालतं. तेव्हा नीट विचारायचं राहून गेलं.

क्षितिज_प

अनुराधाताई, गुंता होतोच. तो सतत सोडवला जातो म्हणून राहत नाही. टोपोआयसोमरेज-दोन हे विकर डीएनएच्या एका दुपेडी धाग्याचे दोन्ही पेड कापतं, कापलेली टोकं स्वतःशी धरून ठेवतं, त्या फटीतून दुसरा धागा पलीकडे जाऊ देतं आणि काप पुन्हा जोडून देतं. याच्याविना नव्या-जुन्या प्रती एकमेकींपासून सुटणारच नाहीत. एटोपोसाइड बरोबर मधल्या क्षणी अडवतं. काप झालेला असतो, जोडणं होऊ देत नाही. भराभर विभागणाऱ्या पेशीत असे काप साठत जातात आणि ती मरते. डॉक्सोरुबिसिनही याच विकरावर चालतं. केस गळणं, रक्तपेशी कमी होणं हे याचंच दुसरं अंग, कारण तिथल्या निरोगी पेशीही सतत विभागत असतात.

अनुराधा_पार्ले

बाबांच्या रिपोर्टमधले रक्तपेशींचे आकडे का खाली जायचे ते आज उमगलं. मनापासून धन्यवाद.

शार्दूल_डोंबिवली

अजून एक विचारतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक का घेतात? आणि शुक्राणूत पण हिस्टोनच असतात का?

पेशीवेल्हाळ

शुक्राणूत बहुतांश हिस्टोन काढून त्यांच्या जागी प्रोटॅमिन नावाची आणखी लहान, आर्जिनिनने भरलेली प्रथिनं बसवली जातात आणि घडी कितीतरी घट्ट होते. तिथे वाचायचं काही नसतं, फक्त सुखरूप पोहोचवायचं असतं. फलनानंतर आईकडचे हिस्टोन पुन्हा बसतात.

कांद्याचं कारण असं की त्याच्या एका पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए आहे, सुमारे ३,२०० कोटी बेसजोड्या, म्हणजे जवळपास अकरा मीटर. आणि तो फक्त १६ गुणसूत्रांत वाटलेला. साहजिकच एकेक गुणसूत्र भलं मोठं आणि साध्या सूक्ष्मदर्शकातही स्पष्ट दिसतं. मुळाच्या टोकाला पेशी सतत विभागत असतात, म्हणून टोकाचे दोन-तीन मिलिमीटरच घ्यायचे. मुळं सकाळी कापून लगेच फिक्स कर, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करायची पायरी गाळू नकोस, नाहीतर पेशी सुट्या होत नाहीत. ॲसिटोकार्माइन लावून कव्हरस्लिप ठेवली की अंगठ्याने सरळ खाली दाबायचं, बाजूला सरकू द्यायचं नाही.